हरिश्चंद्राच्या फॅक्टरीतली तारामती

दरवर्षी ३ मे जवळ आला की मोबाइलवर एक जुना फोटो फिरू लागतो. राजा, राणी आणि त्यांचा मुलगा. चित्र काळं-पांढरं, कडा विरलेल्या, चेहरे पावडर थापल्यासारखे. सोबत प्रश्न असतो : भारतीय चित्रपटातली पहिली नायिका कोण? उत्तर कळलं की हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते, कारण ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके नावाचा पुरुष. कोणी लिहितं, ‘मिशी नीट काढली असती तर बरं’, कोणी म्हणतं, ‘बिचारा!’ दुसऱ्या दिवशी फोटो मागे पडतो. वर्षभराने पुन्हा तेच.

या हसण्यात दुष्टपणा नाही. पण या फोटोकडे बघायची आपल्याला एक सवय लागली आहे, आणि त्या सवयीत साळुंके हा नट पार दिसेनासा झाला आहे. प्रश्नमंजूषेतलं उत्तर म्हणून तो उरतो. त्याने काम काय केलं, कसं केलं, ते प्रेक्षकांनी का स्वीकारलं, हे विचारायची गरज कोणाला वाटत नाही. फोटोखाली आपण मनातल्या मनात जी ओळ लिहितो तीच चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे.

ती ओळ साधारण अशी : बाई मिळाली नाही, म्हणून बाप्याला साडी नेसवली.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. दादरला घरीच स्टुडिओ थाटला. नट हवेत म्हणून जाहिराती दिल्या. तारामतीसाठी बाई शोधली, पण कुलीन घरातली कोणी येईना. वेश्यावस्तीत जाऊन विचारलं, तिथूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा एक सडपातळ तरुण फाळक्यांच्या नजरेस पडला. कोणी त्याला आचारी म्हणतं, कोणी वाढपी. त्याचे नाजूक हात पाहून फाळक्यांनी त्याला विचारलं, असं सांगतात. हॉटेलात महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असाही तपशील या गोष्टीला चिकटला आहे. १९१३ च्या ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट लागला, आणि इतिहास घडला.

गोष्ट मोठी गोड आहे. पण पुढची चार वर्षं पाहिली की ती पुरी पडत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’नंतरचा फाळक्यांचा चित्रपट ‘मोहिनी भस्मासुर’. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. म्हणजे बाई मिळाली, तीही लगेच, दुसऱ्याच चित्रपटाला. तरीसुद्धा १९१७ साली ‘लंकादहन’ काढताना सीता कोणाला दिली? साळुंक्यांना. आणि रामही त्यांनाच. नाइलाज म्हणून आणलेला माणूस नाइलाज सरल्यावर परत पाठवतात. त्याला आणखी मोठी भूमिका, एकाच चित्रपटात दोन भूमिका, तेही राम आणि सीता, देत नाहीत. फाळक्यांना हा नट हवा होता, आणि प्रेक्षकांनाही तो चालला होता, असाच याचा अर्थ निघतो. ‘बाई मिळाली नाही’ हे साळुंके का आले याचं कारण असेल. ते का राहिले याचं नाही.

आता फोटोकडे वळू. तो मुळात फोटो म्हणून काय आहे, हे आधी पाहायला हवं.

‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा, सुमारे ३७०० फुटांचा चित्रपट होता. त्यातलं आज पहिलं आणि शेवटचं रीळ हाती आहे. शिवाय ही रिळं १९१३ च्या मूळ चित्रपटाची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची, यावर अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे आपल्या मोबाइलवरच्या चित्राखाली जी तारीख ठामपणे छापलेली असते ती इतकी ठाम नाही. शिवाय अशी बरीचशी चित्रं स्टुडिओत बसवून काढलेली छायाचित्रं नसतात. ती चालत्या फिल्मची एखादी चौकट उचलून मोठी केलेली असतात, तीही प्रतीच्या प्रतीवरून. हलणाऱ्या माणसाचा सेकंदाचा सोळावा-अठरावा हिस्सा आपण गोठवतो आणि त्यावरून त्याच्या अभिनयाचा निकाल लावतो. चालत्या माणसाला पाय उचललेला असताना थांबवून ‘हा लंगडा आहे’ म्हणण्यासारखंच ते.

चेहऱ्यांचंही तसंच. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे. कुंकू, ओठ, लाल काठ, गव्हाळ त्वचेतली तांबूस झाक, सगळं काळपट उमटे. निळं आकाश मात्र पांढरंफटक. म्हणून नटांना चेहऱ्यावर फिकट रंगाचा थर द्यावा लागे, आणि तो पडद्यावर भुताटकीसारखा दिसे. जगभरच्या मूकपटांतले चेहरे असेच आहेत, तिथल्या खऱ्याखुऱ्या नायिकांचेसुद्धा. साळुंक्यांच्या चेहऱ्यात आपल्याला जे ‘विचित्र’ वाटतं त्यातला मोठा भाग रसायनाचा आहे. पण आपण तो सगळाच्या सगळा त्यांच्या पुरुष असण्याच्या खात्यावर टाकतो.

चित्रातली मांडणी पाहिली तर वाट थेट आमच्या रेल्वेमार्गावर येते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आरंभी राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो आहे, राणी शेजारी आहे, भोवती प्रजा आहे. हे एकत्र उभं राहणं, समोर तोंड करून, जणू देवघरातल्या तसबिरीसारखं, राजा रविवर्म्याच्या चित्रांतून आलं आहे. हरिश्चंद्र-तारामतीचं चित्र रविवर्म्यानेही काढलं होतं. फाळक्यांचा या चित्रांशी संबंध नुसता पाहण्याचा नव्हता. रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळ मळवलीला हलला होता, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फाळके तिथल्या कामात होते; पुढे त्यांनी लोणावळ्यातच स्वतःचा छापखाना काढला. आज पुण्याहून सुटणारी लोकल कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव करत मळवलीला पोचते. सकाळच्या पाळीची गर्दी वाटेत उतरून जाते, आणि पुढे डबा मोकळा होतो. आपण ज्याला कारखान्यांचा पट्टा म्हणतो त्याच्या टोकाला, बजाज आणि टेल्को यायच्या सहा दशकं आधी, देवांची चित्रं यंत्रावर हजारोंनी छापणारा कारखाना होता. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांतली लक्ष्मी आणि सरस्वती तिथून निघाली. पहिल्या तारामतीचा साचाही त्याच परंपरेतून आला.

या साच्यात नटाला काय करायचं असतं? रविवर्म्याची राणी हालत नाही. तिचं दुःख मानेच्या कलात आणि पदराच्या पडण्यात असतं. फाळक्यांचा कॅमेराही एका जागी उभा. नट लांबून, पायापासून डोक्यापर्यंत दिसणार. चेहरा जवळून दाखवायची सोय जवळजवळ नाही. म्हणजे साळुंक्यांना चित्रातली बाई जिवंत करायची होती, पण चित्राची चौकट न मोडता. उरलेल्या रिळांत ते हेच करताना दिसतात. ते मुरडत नाहीत, लाजत नाहीत, डोळे फिरवत नाहीत. बाजूला उभ्या असलेल्या राणीसारखे ते उभे राहतात. दत्तात्रय दामोदर दाबक्यांचा हरिश्चंद्र हातवारे करतो, रंगभूमीवरून आलेला नट ओळखू येतो. तारामती त्याच्या मानाने शांत आहे. हा शांतपणा अनुभव नसल्यामुळे आला असेल, असं कोणी म्हणेल. असेलही. पण कॅमेऱ्यासमोर तो आज दाबक्यांच्या हातवाऱ्यांपेक्षा कमी जुना वाटतो, एवढं मात्र खरं.

मग प्रेक्षकाला पुरुषाची तारामती खटकली कशी नाही? याचं उत्तर सोपं आहे : त्याला त्याची सवय होती. विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं १८४३ साली. तेव्हापासून ‘लंकादहन’पर्यंत चौऱ्याहत्तर वर्षं मराठी माणसाने रंगमंचावर पुरुषांच्याच सीता, द्रौपदी, शकुंतला पाहिल्या होत्या. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर गाजले, त्यांच्यामागून नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. ‘राजा हरिश्चंद्र’ लागला त्याच १९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर कंपनी सोडून स्वतःची गंधर्व नाटक मंडळी उभी करत होते. चांगल्या घरच्या बायका त्यांच्यासारखं नेसायला आणि माळायला शिकत होत्या. एका शहरात, एका वर्षात, दोन पुरुष साडी नेसून लोकांसमोर उभे आहेत. एकाच्या फोटोला आपण आजही हात जोडतो, दुसऱ्याच्या फोटोला हसतो.

फरक कशाने पडला? गाण्याने, हे पहिलं उत्तर. बालगंधर्वांची भामिनी आणि रुक्मिणी ऐकायची होती. स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाचं निम्मं बळ गळ्यात असे. उरलेलं चालण्यात, पदर सावरण्यात आणि गॅसबत्तीच्या उजेडात, जो पुष्कळ काही झाकून घेई. मूकपटाने गळा काढून घेतला. गॅसबत्ती विझवली आणि नटाला भर उन्हात आणलं, कारण चित्रण व्हायचं ते सूर्यप्रकाशात. आणि जे दिसलं ते कायमचं नोंदवून ठेवलं. नाटकातली रुक्मिणी रात्री दोन वाजता पडद्याबरोबर संपे. उरे ती आठवण, आणि आठवण नेहमी सुंदर असते. साळुंक्यांची सीता मात्र फिल्मवर राहिली. तिचे दंडही राहिले.

या दंडांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ‘लंकादहन’मधल्या सीतेचे पिळदार दंड दिसतात, हे सांगून प्रत्येक लेखक एकदा हसून घेतो. गंमत बघा : १९१३ च्या गोष्टीत फाळक्यांनी साळुंक्यांना निवडलं ते नाजूक हातांमुळे, आणि १९१७ च्या गोष्टीत त्याच हातांवर विनोद होतो. हात तेच. आपल्याला जेव्हा जी गोष्ट सांगायची असते तेव्हा ते तसे होतात.

त्या काळच्या प्रेक्षकाने काय पाहिलं, याच्याही आठवणी आहेत. पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढत. मद्रासला तिकिटांची नाणी बैलगाडीत घालून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, असं सांगितलं जातं. राम आणि सीता एकच माणूस आहे, हे काही त्या प्रेक्षकापासून लपलेलं नसणार. ज्या कथेचा मोठा भाग दोघांच्या ताटातुटीचा आहे तिथे एका नटाला दोन्ही भूमिका देणं निर्मात्याला सोयीचंही होतं. पण सोयीपलीकडे त्यात काही घडलं आहे. ज्याच्या विरहात ती झुरते आहे आणि जी झुरते आहे, ती दोन्ही एकाच शरीरात आहेत. दशावतार, सोंगी भारूड, गोंधळ पाहिलेल्या माणसाला यात अडचण नव्हती. सोंग पाहताना सोंगामागचा माणूसही दिसतो, आणि त्यामुळे भक्ती उणावत नाही. आपल्याला मात्र दोन्ही एकदम पाहता येत नाही. आपल्याला एक तर फसायचं असतं, नाहीतर पकडायचं असतं. म्हणून दंड दिसले की आपण ‘पकडलं!’ म्हणतो.

हे कधी बदललं? माझ्या मते, पुढे मराठी सिनेमानेच आपली नजर बदलली. बायका पडद्यावर स्थिर झाल्यावर बाईपणा दाखवणाऱ्या पुरुषाला एकच जागा उरली, ती तमाशापटातल्या नाच्याची. गणपत पाटील हा ताकदीचा नट, पण त्याच एका भूमिकेत अडकला, आणि पडद्यावर मिळालेलं हसू त्याला पडद्याबाहेरही भोगावं लागलं. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ २०१० मध्ये आला तेव्हा ही वेदना मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोचली. तरी त्यातला धक्का हाच होता की पहिलवान गड्याला नाच्या व्हावं लागतं. म्हणजे पुरुषाने बाईचं सोंग घेणं हे नाइलाजाचं आणि अपमानाचं, हे गृहीत तिथेही कायम राहिलं. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ मला आवडतो. फाळक्यांना त्याने पुतळ्यातून बाहेर काढलं, नंदू माधवांनी त्यांना मिस्कील, धडपड्या माणूस केलं. पण तिथेही साड्या नेसून वावरणारे पुरुष हा विनोदाचा हुकमी धागा आहे. चित्रपटगृह हसतं, आणि ते हसू त्यांच्या कामाकडे वळत नाही. गणपत पाटलांवर हसायला शिकलेले डोळे आपण मागे १९१३ पर्यंत नेले, आणि साळुंक्यांना नसलेल्या नाच्यात बसवलं.

मोकाशींच्या चित्रपटाचं नाव मात्र फार मोलाचं आहे. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाक मुरडत, म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत, ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणा’, अशी आठवण आहे. फॅक्टरी म्हटलं की इज्जत. नोकरी, पगार, ठरलेली वेळ. सिनेमाला हा शब्द लपण्यासाठी वापरला गेला, पण तो खराही होता. विकत आणलेल्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं हाताने यंत्रावर पाडावी लागत. ते काम अंधारात सरस्वतीबाई फाळके करत. त्याच सगळ्यांचा स्वयंपाक करत, चित्रणाच्या वेळी उजेड परतवायला चादर धरून उन्हात उभ्या राहत. कॅमेऱ्यावर त्र्यंबक तेलंग होते. फिल्म धुणं, सुकवणं, जोडणं घरातच चाले. फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा बोधपटही काढला, त्यात ते स्वतः काम करताना आणि करवून घेताना दिसतात. आपण कसं बनवतो हे दाखवावंसं वाटणं, ही कारागिराची हौस आहे.

या फॅक्टरीत साळुंके कोण होते? कामगार होते. हॉटेलातून पगार वाढवून आणलेले, पडेल ते शिकणारे. आणि इथे त्यांच्या आयुष्यातला एक तपशील येतो जो मोबाइलवरच्या फोटोबरोबर कधीच फिरत नाही : अण्णा साळुंके पुढे कॅमेरामन झाले. त्यांनी काही मूकपटांचं छायाचित्रण केलं. ज्या यंत्रासमोर साडी नेसून उभं राहायचं त्याच यंत्रामागे जाऊन त्यांनी हँडल हातात घेतलं. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. वेग हातात सांभाळावा लागे, नाहीतर पडद्यावर माणसं धावू लागत. ‘नाजूक’ आणि ‘पिळदार’ या दोन शब्दांत अडकवलेल्या त्या हातांचं हे तिसरं काम, आणि याबद्दल कोणी विनोद करत नाही, कारण कोणाला ते माहीतच नसतं.

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणमध्ये राहणाऱ्याला ही कारकीर्द ओळखीची वाटावी. हेल्पर म्हणून लागलेला पोरगा वर्ष-दोन वर्षं जे सांगतील ते करतो. आज असेंब्लीला, उद्या पेंट शॉपला, कोणी रजेवर गेलं की तिसऱ्याच मशीनवर. बघत बघत तो मशीन शिकतो, आणि एक दिवस ऑपरेटर होतो. बाहेर पडणाऱ्या गाडीवर त्याचं नाव नसतं, कंपनीचं असतं. त्याची नोंद असते गेटपासवर, आणि तिथला फोटो बघून लोक हसतात, कारण गेटपासवर कोणीच चांगलं दिसत नाही. याच पट्ट्यातली माणसं पाळी संपवून कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी तालमीला बसतात. सोंग आणि मजुरी यांच्यात फार अंतर नाही, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

फाळक्यांना आपण जनक म्हणतो, ते योग्यच आहे. पण जनक म्हटलं की बाकीचे सगळे गोष्टीतले गमतीदार प्रसंग होतात : सरस्वतीबाईंची चादर, मुलगा भालचंद्रचा रोहिदास, हॉटेलातला तारामती. चित्रपटाचा इतिहास म्हणून आपण एका माणसाची जिद्द सांगतो आणि फॅक्टरीतल्या कामाला त्या जिद्दीची सजावट करून टाकतो. मूकपटांच्या काळात हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले, त्यांतले जेमतेम काही डझन आज पूर्ण किंवा तुकड्यांत शिल्लक आहेत. २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या तळघराला आग लागली, तेव्हा आणखी किती तरी गेलं; ज्यांच्या प्रती आधी काढून ठेवल्या होत्या तेवढं वाचलं. रविवर्म्याचा मळवलीचा छापखानाही १९७२ मध्ये आगीत सापडला होता. जिथे एवढं जळून गेलं तिथे साळुंक्यांचा चेहरा उरला, हे नशीबच म्हणायचं. तो उरला म्हणून त्यावर हसताही येतं. बाकीच्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

तेव्हा पुढच्या मे महिन्यात हा फोटो आला तर त्याला प्रश्नमंजूषेतून सोडवावं, एवढंच. हसू आलं तर हसावं. ‘लंकादहन’चा प्रेक्षकही हनुमानाच्या करामतींना हसला असेल. पण मग फोटो मोठा करून तारामतीची मान पाहावी, ती किती थोडी कललेली आहे. शेजारच्या राजाच्या मानाने ती किती कमी काही करते, आणि तरी आपली नजर तिच्याकडे का जाते, हे विचारावं. आणि पुढे पाठवायचाच असेल तर खालची ओळ बदलून पाठवावा : अण्णा साळुंके, तारामती, सीता आणि राम, पुढे कॅमेरामन.